बॅरिस्टर व्हायला किमान ७२ वेळा जेवायला जावं लागायचं, आणि गांधीजींना तर तिथलं फारसं काही चालतच नव्हतं

ग्रुपमध्ये एक जण न पिणारा असतो. पार्टीत तो कोल्ड्रिंक घेऊन बसतो, सगळ्यांचा चकना संपवतो आणि बिल भागायची वेळ आली की कुरकुर करतो. त्यामुळं पुढच्या वेळी त्याला बोलवायचं की नाही यावर हमखास चर्चा होते.

लंडनच्या इनर टेंपलमध्ये मात्र एकेकाळी याच्या बरोबर उलटं चाललं होतं. तिथं वकिली शिकणाऱ्या पोरांच्या पंगतीत एका न पिणाऱ्या भारतीय पोराला इतकी मागणी होती की त्याला आपल्याकडं बसवून घ्यायला बाकीचे टपलेले असायचे. कारण एकदम साधं. जेवायला चार-चार जणांचे गट करून बसायचं आणि दर चौघांमागं वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या. हा गडी थेंबालाही शिवायचा नाही. म्हणजे दोन बाटल्या तिघांत.

त्या पोराचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींच्या लंडनमधल्या दिवसांबद्दल बोलताना सूट, टाय आणि व्हायोलिनचा किस्सा सगळे सांगतात. पण त्या पावणेतीन वर्षांत या पोराचा सगळ्यात मोठा प्रश्न कायद्याची पुस्तकं हा नव्हताच. आज जेवायचं कुठं, हा होता. आणि गंमत म्हणजे पुढं जे गांधीजी आपल्याला माहिती आहेत, त्यांची सुरुवात याच प्रश्नातून झाली असं म्हणायला बरीच जागा आहे.

तर सुरुवात मुंबईपासून.

१८८८ साली मोहनदासचं वय होतं १८. मॅट्रिक झालेला, भावनगरच्या कॉलेजात एक टर्म काढून कंटाळून परत आलेला. वडील गेलेले. घराण्याचे जुने सल्लागार मावजी दवे यांनी सुचवलं की पोराला विलायतेला पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल. पोरगा तयार, मोठा भाऊ तयार, अडकलं ते आईपाशी. पुतळीबाईंनी ऐकलं होतं की तिकडं गेलेली पोरं मांस खातात, दारू पितात आणि बिघडतात. मग बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी तोडगा काढला. त्यांनी मोहनदासकडून तीन शपथा घेतल्या. दारू, परस्त्री आणि मांस यांना शिवायचं नाही. आईनं परवानगी दिली.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा पोरगा काही मनापासून शाकाहारी नव्हता. शाळेत असताना एका मित्राच्या नादानं त्यानं वर्षभरात पाच-सहा वेळा चोरून मांस खाल्लं होतं. इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत आणि त्यांना हाकलायचं तर आपणही खाल्लं पाहिजे, असं तेव्हा काठियावाडच्या शाळकरी पोरांत बोललं जायचं. पहिल्यांदा बकऱ्याचं मांस खाल्लं त्या रात्री पोटात बकरं ओरडतंय असं वाटून त्याला झोप लागली नव्हती. तरी त्यानं खाणं थांबवलं ते मांस वाईट म्हणून नाही. घरी खोटं बोलावं लागतं म्हणून. कधीतरी स्वतंत्र झालो की उघडपणे खाऊ, असा हिशोब डोक्यात होताच.

म्हणजे लंडनला निघालेला मोहनदास फक्त आईला दिलेल्या शब्दापुरता शाकाहारी होता.

मुंबईत पोचल्यावर त्याच्या मोढ बनिया जातीची पंचायत बसली. समुद्र ओलांडणं धर्मात बसत नाही आणि तिकडं साहेबांबरोबर खाणंपिणं होणारच, असा आक्षेप होता. मोहनदासनं शपथेचं सांगितलं. पंचायतीच्या शेठनं ऐकून घेतलं नाही. पोराला जातीबाहेर काढलं आणि त्याला मदत करणाऱ्याला किंवा बंदरावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड जाहीर केला. तिकिटाचे पैसे ज्या मेहुण्याकडं ठेवलेले होते त्यानंही जातीच्या भीतीनं हात वर केले. शेवटी एका ओळखीच्याकडून उसने घेतले. ४ सप्टेंबर १८८८ ला ‘क्लाइड’ बोट सुटली.

बोटीवरच उपासमार चालू झाली. डायनिंग हॉलमध्ये जायचं म्हणजे काटे-चमचे आले, ते धरता येत नव्हते. कशात मांस आहे आणि कशात नाही ते विचारायचं तर इंग्रजी बोलायची भीती. मग पठ्ठ्या केबिनमध्येच बसला आणि घरून आणलेली मिठाई आणि फळं खात राहिला. एका इंग्रज प्रवाशानं प्रेमानं समजावलं की तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण पुढं बिस्केच्या उपसागरात थंडीला मांसाशिवाय माणूस टिकत नाही. बिस्केचा उपसागर आला आणि गेला. मोहनदासनं तर सहप्रवाशांकडून आपण मांस खाल्लं नसल्याचं सर्टिफिकेटही लिहून घेतलं! काही दिवस ते जपूनही ठेवलं. पुढं लक्षात आलं की असलं सर्टिफिकेट मांस खाणाऱ्यालाही सहज मिळतं, तेव्हा त्यातली मजा संपली.

लंडनमध्ये पहिला मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलात. तिथं मागवलेला पदार्थ आवडला नाही की तो दुसरा मागवायचा, आणि पैसे दोन्हींचे द्यायला लागायचे. हॉटेल सोडताना बिल झालं तीन पौंड. एवढे पैसे जाऊनही पोट भरलं नव्हतंच, खरी मदार मुंबईहून आणलेल्या खाऊवर होती.

मग डॉ. प्राणजीवन मेहतांनी त्याला रिचमंडला एका मित्राकडं ठेवलं. इथं सकाळी ओटची लापशी मिळायची, त्यावर बरं भागायचं. दुपारी आणि रात्री मात्र पालक, ब्रेड आणि जॅम. दूध नाही. ब्रेडचे दोन-तीन स्लाइस झाले की आणखी मागायची लाज. ज्याच्या पोटाला घरच्या भाकऱ्यांची सवय, त्याचं दोन स्लाइसवर काय होणार? यजमान मित्र रोज मांस खायचा आग्रह करायचा. न शिकलेल्या आईपुढं, इथली परिस्थिती माहिती नसताना घेतलेल्या शपथेला काय किंमत, असं त्याचं म्हणणं. एक दिवस तर तो बेंथमचा उपयुक्ततावाद घेऊन वाचून दाखवायला बसला. मोहनदासला त्यातलं अवघड इंग्रजी कळेना. त्यानं हात जोडून सांगितलं की वाद मला घालता येत नाही, पण शब्द मोडता येणार नाही.

पुढचा मुक्काम वेस्ट केन्सिंग्टनला, एका विधवा बाईंच्या घरी. त्यांच्या दोन मुली आग्रह करून एखादा स्लाइस जास्त वाढायच्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहिती की या पाहुण्याला स्लाइस नाही, आख्खा पाव लागतोय.

इथून खऱ्या अर्थानं बाहेर खाणं सुरू झालं. घरमालकिणीनं सांगितलं होतं की शहरात शाकाहारी हॉटेलं आहेत. मग मोहनदास रोज पायी निघायचा. दिवसाला १०-१२ मैल, म्हणजे आपल्या हिशोबात १६ ते १९ किलोमीटर. वाटेत एखादं स्वस्त हॉटेल दिसलं की पोटभर ब्रेड खायचा आणि तरीही अर्धपोटी बाहेर पडायचा. हातात मॅप नाही, रेटिंग नाही, रिव्ह्यू नाही. पाट्या वाचत फिरायचं.

आणि असंच फिरता फिरता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटला त्याला पाटी दिसली. हॉटेलचं नाव सेंट्रल. शाकाहारी.

इथं जरा थांबून हे सांगायला पाहिजे की व्हिक्टोरियन लंडनमध्ये शाकाहारी हॉटेलं आलीच कुठून. इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ सालीच स्थापन झाली होती. १८८० च्या दशकात लंडनमध्ये अशी हॉटेलं बऱ्यापैकी चालायला लागली. मांसापेक्षा डाळी, भाज्या आणि पाव स्वस्त, त्यामुळं कारकून आणि बेताच्या पगाराची माणसं तिथं जेवायची. त्यांच्याच जोडीनं समाज बदलू पाहणारे सगळ्या प्रकारचे लोक तिथं यायचे. कुणी प्राण्यांवर होणाऱ्या क्रौर्याच्या विरोधात, कुणी दारूबंदीवाले, कुणी समाजवादी. म्हणजे हॉटेल हे निमित्त, आत एक छोटं वेगळंच जग भरलेलं.

आणि मोहनदासला यातलं काहीच माहिती नव्हतं. त्याला भूक लागली होती.

दरवाज्याजवळ काचेमागं काही पुस्तकं विकायला ठेवलेली होती. त्यात हेन्री सॉल्ट यांचं ‘अ प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम’ हे पुस्तक होतं. त्यानं एक शिलिंग देऊन ते घेतलं आणि थेट जेवायला बसला. इंग्लंडात आल्यापासूनचं ते पहिलं पोटभर जेवण.

पुस्तक त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. सॉल्ट हे ईटनच्या बड्या शाळेत मास्तर होते आणि ती नोकरी सोडून साधं जगायला लागलेले लेखक. आपल्या आईनं जे देवाधर्माच्या धाकानं सांगितलं तेच एक इंग्रज माणूस विचार करून, मुद्दे मांडून सांगतोय, हे मोहनदाससाठी नवीन होतं. तोपर्यंत तो शपथ पाळत होता, पण मनातून सगळ्या भारतीयांनी मांस खावं असंच त्याला वाटायचं. त्या दिवसापासून तो स्वतः ठरवून शाकाहारी झाला.

पण याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. कारण नंतर आला होबर्नचा प्रसंग.

त्याच्या मित्राला अजून आशा होती. हा पोरगा न खाता आजारी पडेल, लोकांत वेडा ठरेल, म्हणून तो काळजीत होता. त्यानं एक दिवस नाटकाचं आमंत्रण दिलं आणि नाटकाआधी जेवायला होबर्न रेस्टॉरंटमध्ये नेलं. राजवाड्यासारखं हॉटेल. मित्राचा अंदाज असा की एवढ्या झगमगाटात हा बुजरा पोरगा तोंड उघडणार नाही, समोर येईल ते गुमान खाईल. पहिलं सूप आलं. मोहनदास विचारात पडला. सूप कशाचं आहे? मित्राला विचारायची हिंमत होईना, म्हणून त्यानं वेटरला खूण केली. मित्रानं पाहिलं, काय झालं ते विचारलं आणि कळल्यावर भडकला. सभ्य लोकांत कसं वागायचं कळत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडं खा आणि माझी वाट बघ, असं त्याला सुनावलं.

मोहनदास उठला आणि बाहेर आला. जवळच एक शाकाहारी हॉटेल होतं. ते बंद झालं होतं. त्या रात्री तो उपाशीच नाटक बघायला बसला. मित्रानं त्या विषयावर एक शब्द काढला नाही, यानंही नाही. दोघांची मैत्री मात्र टिकली.

यानंतर जे झालं ते फार माणसासारखं आहे. शाकाहारी आहोत म्हणून गावंढळ दिसतो, तर बाकी सगळ्यात साहेब होऊन दाखवू, असं त्यानं ठरवलं. बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवला. १९ शिलिंगची उंच हॅट घेतली. भावाकडून सोन्याची दुहेरी चेन मागवली. नाचाच्या क्लासला तीन पौंड, व्हायोलिनला तीन पौंड, भाषण कसं करायचं ते शिकायला एक गिनी. नाचात पाय तालावर पडेनात. हे वेड साधारण तीन महिने चाललं आणि मग उतरलं.

उतरल्यावर त्यानं हिशोबाची वही काढली. पै-पैची नोंद ठेवायची सवय त्याला आधीपासून होती. लक्षात आलं की पैसे सगळ्यात जास्त गळतात ते खाण्यावरच. कुटुंबात राहायचं म्हणजे आठवड्याचं ठरलेलं बिल. वर रीत म्हणून अधूनमधून घरच्यांना बाहेर जेवायला न्यायचं. आणि स्वतः बाहेर जेवलं तरी घरचं न खाल्लेलं जेवण बिलातून वजा होत नाही! पीजीमध्ये राहिलेल्या कुणालाही हा हिशोब लगेच कळेल.

म्हणून त्यानं आधी दोन खोल्या घेतल्या, मग एकच. स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा ब्रेड आणि कोको. कॉलेजला आणि कामाला जाणं पायीच. खाण्याचा दिवसाचा खर्च आला १ शिलिंग ३ पेन्सवर. तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगचा एक पौंड. म्हणजे त्या १९ शिलिंगच्या हॅटमध्ये त्याचं १५ दिवसांचं खाणं बसत होतं. आणि बाँड स्ट्रीटच्या सूटमध्ये १६० दिवसांचं.

घरून येणारी मिठाई आणि मसाले त्यानं बंद केले. रिचमंडला जो बिनमसाल्याचा उकडलेला पालक गिळवत नव्हता तोच आता आवडायला लागला. चव जिभेत कमी आणि डोक्यात जास्त असते असा निष्कर्ष त्यानं स्वतःवर प्रयोग करून काढला. पुढं आयुष्यभर चाललेले आहाराचे प्रयोग इथूनच सुरू झाले. कधी पिष्टमय पदार्थ बंद, कधी नुसती फळं आणि ब्रेड, कधी चीज, दूध आणि अंडी.

अंड्यांवरून तर याच्यातला वकील जागा झाला. अंडं म्हणजे मांस नाही, असं शाकाहाराच्या पुस्तकांत काही जण मांडायचे. ते वाचून यानं काही दिवस अंडी खाल्ली. मग प्रश्न पडला की शपथेतल्या मांस या शब्दाचा अर्थ कुणाचा धरायचा. पुस्तकवाल्याचा, आपल्या सोयीचा, की शपथ घ्यायला लावणाऱ्या आईचा? आईच्या लेखी अंडं म्हणजे मांसच. त्यानं अंडी सोडली. त्याचा परिणाम असा झाला की शाकाहारी हॉटेलातही त्याला प्रत्येक पुडिंग आणि केकबद्दल चौकशी करावी लागायची, कारण त्यांत बहुतेक वेळा अंडं असायचंच. आधी सूप, आता केक. वेटरला प्रश्न विचारायची भीडही हळूहळू गेली असणार.

ती भीड आधी किती होती, हे ब्रायटनच्या किश्श्यावरून कळतं. पहिल्याच वर्षी तो तिकडं गेला असताना हॉटेलात मेन्यू आला फ्रेंचमध्ये. हा कार्डाकडं नुसता बघत बसलेला. त्याच टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मेन्यू समजावून दिला आणि कशात मांस नाही तेही सांगितलं. पुढं लंडनला त्या त्याला दर रविवारी घरी जेवायला बोलवायला लागल्या आणि तरुण मुलींशी ओळखी करून द्यायला लागल्या. मोहनदासचं तर लग्न झालेलं, घरी एक मुलगाही होता. तोंडावर सांगायचं धाडस होईना. शेवटी त्यानं पत्र लिहून खरं ते सांगून टाकलं. बाईंनी हसून घेतलं आणि रविवारचं आमंत्रण कायम ठेवलं.

आता येऊ त्या दोन बाटल्यांकडं.

मोहनदासनं इनर टेंपलमध्ये प्रवेश घेतला ६ नोव्हेंबर १८८८ ला. लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या चार संस्था आहेत, त्यांना इन म्हणतात. इनर टेंपल त्यातलं एक, पुढं नेहरूही तिथलेच. सावरकर आणि बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. गांधीजींच्या वेळी बॅरिस्टर व्हायला दोन अटी होत्या. एक, परीक्षा पास व्हायच्या. दोन, १२ टर्म भरायच्या, म्हणजे साधारण तीन वर्षं. आणि टर्म भरायची म्हणजे लेक्चरला बसायचं नाही, जेवायला बसायचं! एका टर्ममध्ये २४ च्या आसपास जेवणं व्हायची, त्यातल्या किमान सहांना हजेरी सक्तीची. गुणाकार केला तर ७२ जेवणं.

खाल्लंच पाहिजे अशी मात्र सक्ती नव्हती. ठरलेल्या वेळी यायचं आणि जेवण संपेपर्यंत बसायचं, बास. खर्च यायचा अडीच ते साडेतीन शिलिंग. आपला गडी दिवसभराचं खाणं सव्वा शिलिंगमध्ये बसवत होता, हे लक्षात ठेवा. इतरांच्या दृष्टीनं तो दर स्वस्त होता, कारण बाहेर हॉटेलात नुसत्या वाइनलाच तेवढे पैसे पडायचे. मोहनदासला याचं नवल वाटायचं की माणसं जेवणापेक्षा पिण्यावर जास्त पैसे कसे घालतात.

सुरुवातीला त्याच्या वाट्याला फक्त ब्रेड, उकडलेला बटाटा आणि कोबी यायचा. तोही आवडायचा नाही, म्हणून तो नुसता बसून राहायचा. पुढं चव लागली आणि थोडी हिंमतही आली. तिथं इनच्या वरिष्ठांचं, म्हणजे बेंचरांचं टेबल वेगळं असायचं आणि त्यांना जेवण जास्त चांगलं मिळायचं. मोहनदास आणि आणखी एक शाकाहारी पारशी विद्यार्थी या दोघांनी मिळून अर्ज केला की बेंचरांच्या टेबलावरच्या भाज्या आणि फळं आम्हाला मिळावीत. अर्ज मंजूर झाला. वर्षभरापूर्वी ज्याला तिसरा स्लाइस मागवत नव्हता, तो आता साहेबांच्या संस्थेकडं लेखी मागणी करून फळं मिळवत होता. पुढच्या आयुष्यात गांधीजींनी सरकारकडं केलेल्या अर्जांची संख्या बघता हा छोटासा अर्ज मोठा गोड वाटतो.

प्रत्येक टर्ममध्ये एक ‘ग्रँड नाइट’ असायची. त्या रात्री नेहमीच्या पोर्ट आणि शेरीबरोबर शॅम्पेनही मिळायची. त्या दिवशी तर मोहनदासनं यावंच म्हणून खास आर्जवं व्हायची. भाव नुसता चढलेला!

या जेवणांचा कायद्याशी काय संबंध, हे त्याला कधीच नीट कळलं नाही. कधीकाळी मोजके विद्यार्थी असताना बेंचर त्यांच्याबरोबर बसायचे, बोलायचे, त्यातून वागणं-बोलणं शिकायला मिळायचं. त्याच्या काळापर्यंत बेंचर लांब जाऊन बसले होते आणि मागं फक्त जेवण उरलं होतं. परीक्षाही तशा सोप्या होत्या. रोमन लॉला बसणाऱ्यांपैकी ९५ ते ९९ टक्के पास व्हायचे. लोक दोन आठवडे नोट्स वाचून सुटायचे. मोहनदासनं मात्र पुस्तकं विकत घेतली होती, त्यामुळं वाचली. रोमन लॉ तर लॅटिनमधून वाचला.

इनमध्ये जे मिळालं नाही ते त्याला शाकाहारी हॉटेलांच्या जगात मिळालं. तो लंडन व्हेजिटेरियन सोसायटीचा सभासद झाला आणि १८९० मध्ये तिच्या कार्यकारिणीवर गेला. ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकाचे संपादक जोशाया ओल्डफील्ड त्याचे मित्र झाले. बेजवॉटरला राहत असताना त्यानं तिथं एक छोटा शाकाहारी क्लब काढला. अध्यक्ष ओल्डफील्ड, सेक्रेटरी स्वतः, आणि उपाध्यक्ष म्हणून भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या सर एडविन अर्नोल्डना गळ घातली. त्यानं मुक्काम हलवल्यावर काही महिन्यांतच क्लब बंद पडला, पण संस्था कशी चालवायची याचा पहिला धडा तो होता.

छापून आलेलं त्याचं पहिलं लिखाणही याच साप्ताहिकात, फेब्रुवारी १८९१ मध्ये. विषय, भारतातले शाकाहारी लोक. स्वतः जेवण शोधत वणवण केलेल्या पोरानं आता इंग्रजांना आपल्याकडं काय खातात ते समजावून सांगायला घेतलं होतं.

बोलायचं मात्र अजून जमत नव्हतं. व्हेंटनरच्या शाकाहारी सभेत तो लिहून आणलेलं भाषण वाचायला उभा राहिला, डोळ्यांपुढं अंधारी आली, पाय लटपटले. शेवटी ते भाषण त्र्यंबकराय मजमुदारांनी वाचलं.

दुसऱ्या वेळी प्रकरण जास्त गंभीर होतं. सोसायटीचे अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स. टेम्स आयर्नवर्क्स या जहाजाच्या कारखान्याचे मालक, सोसायटीला त्यांच्याच पैशाचा मोठा आधार. (फुटबॉलवाल्यांसाठी: याच कारखान्याच्या टीमचा पुढं वेस्ट हॅम युनायटेड झाला.) कार्यकारिणीतले डॉ. ॲलिन्सन कामगारांना संततिनियमनाची माहिती देत. हिल्सना ते अनैतिक वाटायचं, म्हणून त्यांनी ॲलिन्सनना काढून टाकायचा ठराव आणला. मोहनदासला स्वतःलाही ॲलिन्सनचं मत पटत नव्हतं. पण सोसायटी शाकाहाराची आहे, मग शाकाहार पाळणाऱ्याला दुसऱ्या मतासाठी का काढायचं, असा त्याचा मुद्दा होता. त्यानं तो लिहून आणला. वाचायचं धैर्य झालं नाही, दुसऱ्यानं वाचला. ठराव पास झाला, ॲलिन्सन गेले. आपल्याशी न पटणाऱ्या माणसाच्या हक्कासाठी, आपल्या आवडत्या आणि पैसेवाल्या अध्यक्षाच्या विरोधात उभं राहणं, आणि हरणं. वय २१.

१० जून १८९१ ला मोहनदास बॅरिस्टर झाला. ११ ला हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ ला बोटीत बसला. (याच इनर टेंपलनं १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर त्यांचं नाव यादीतून काढलं आणि १९८८ मध्ये परत घातलं.)

निघण्याआधी त्याला शाकाहारी मित्रांना निरोपाचं जेवण द्यायचं होतं. शाकाहारी हॉटेलात ते सहज झालं असतं. त्यानं निवडलं होबर्न रेस्टॉरंट. सूप कशाचं आहे विचारलं म्हणून जिथून उठून जावं लागलं होतं, तेच. मॅनेजरशी बोलून त्यानं सगळं जेवण निव्वळ शाकाहारी ठरवलं. पाहुणे आले, संगीत झालं, भाषणं झाली. यजमान म्हणून बोलायची पाळी आली तेव्हा मोहनदासनं एक विनोदी सुरुवात पाठ करून ठेवली होती. पहिल्या वाक्यानंतर सगळं विसरला. आल्याबद्दल आभार मानले आणि खाली बसला.

(पुढं ४० वर्षांनी, १९३१ च्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले तेव्हा त्याच सोसायटीनं त्यांचं भाषण ठेवलं. शेजारी म्हातारे हेन्री सॉल्ट बसले होते.)

१८९१ च्या ऐन पावसाळ्यात बोट मुंबईला लागली. बंदरावर मोठा भाऊ घ्यायला आला होता. शपथ पाळून आलो हे आईला कधी एकदा सांगतो असं मोहनदासला झालं होतं. भावानं तेव्हा सांगितलं की आई गेली. तो लंडनला असतानाच गेली होती, परदेशात एकट्यानं ते ऐकायला लागू नये म्हणून घरच्यांनी कळवलं नव्हतं.

जातीचं प्रकरणही तसंच लटकलेलं होतं. ते मिटवायला भाऊ त्याला नाशिकला घेऊन गेला. गोदावरीत आंघोळ घालून शुद्धी करून घेतली. राजकोटला पोचल्यावर जातीला जेवण दिलं. एका गटानं त्याला परत घेतलं. दुसऱ्या गटानं घेतलं नाही, आणि त्यात त्याची सख्खी बहीण आणि सासुरवाडी येत होती.

नियमाप्रमाणं त्या घरांत त्याला काही द्यायला बंदी होती. सासू-सासरे, बहीण, मेहुणे, सगळे चोरून खाऊपिऊ घालायला तयार होते. जे उघडपणे करता येत नाही ते चोरून नको, असं म्हणून त्यानं त्यांच्याकडं कधी पाणीसुद्धा घेतलं नाही.